कुंडीतली काडी

१

उठल्या उठल्या टाल्के परसातल्या पिंपातून पावसाचं पाणी आत आणायची. किटलीभर चहाला आणि तळाशी उरेल ते निवडुंगाला. गावात नळ येऊन जमाना झाला होता. पण नळाच्या पाण्याने चहा मरतो आणि निवडुंग रुसतो, हे सासूबाईंनी तिच्या डोक्यात असं काही भरवलं होतं की त्या गेल्यावरही तिचा हात नळाकडे वळत नसे.

निवडुंग सासूबाईंचाच, ओक्काबाईंचा. काटा नाही, टोचणं नाही. चपट्या हिरव्या सांध्यांना सांधे जोडत तो कुंडीबाहेर लोंबायचा आणि ईस्टरच्या सुमाराला टोकाटोकाला लालभडक फुलायचा. त्याचं तंत्र उलटं. हिवाळाभर त्याला गारठ्यात आणि जवळजवळ उपाशी ठेवायचं. कुणी मायेने शेगडीजवळ नेला की पठ्ठ्या नुसता हिरवा राहणार, फूल म्हणून देणार नाही. म्हणून मागची खोली, जिथे ओक्काबाई झोपायच्या, ती त्यांच्यामागेही कधी तापवली गेली नाही. तिथे खिडकीच्या दगडी पट्टीवर निवडुंग असायचा, रिकामा पलंग असायचा आणि श्वासाची वाफ दिसायची.

एक नियम मात्र सगळ्यांवर होता. कळ्या धरल्या की कुंडी फिरवायची नाही. उजेडाची बाजू बदलली की कळ्या गळतात. टाल्के नवी सून म्हणून आली त्या वसंतात तिने खिडकी पुसायला कुंडी उचलली आणि परत ठेवताना उलटी ठेवली. आठवड्याभरात सगळ्या कळ्या जमिनीवर. ओक्काबाई तिच्याशी पुढचा सण येईपर्यंत बोलल्या नाहीत. मग त्यांनी काडेपेटीतली एक काडी काढली, कुंडीच्या काठाशी खिडकीच्या अंगाला मातीत खोचली आणि म्हणाल्या, "ही सूनबाईंसाठी. काडी नेहमी उजेडाकडे. एवढं तरी कळेल ना?"

सासूने काडी घातली ती घातलीच. दर वर्षी टाल्के कुरकुरत नवी काडी खोचायची.

त्या मार्चच्या सकाळी ती पाणी घेऊन आत गेली. कळ्या धरल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. तिला बरं वाटलं. मग तिचं लक्ष काडीकडे गेलं.

काडी खिडकीकडे नव्हती, खोलीच्या आत, बाजूच्या भिंतीकडे होती.

२

त्या भिंतीपलीकडे तिचा नवरा आयलर्ट झोपलेला होता.

ऑक्टोबरात समुद्राच्या बांधावर मेंढ्या हाकताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. जिना चढणं सुटलं, म्हणून पुढच्या बैठकीच्या खोलीत पलंग टाकला. टाल्के शेजारी स्वयंपाकघरात बाकावर झोपायची, मधलं दार उघडं आणि गजराचं घड्याळ उशीखाली. कारण फ्रेरिख, रोज सकाळी येणारा परिचारक, पहिल्याच दिवशी सांगून गेला होता, "काकू, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण कूस बदलायला चुकायचं नाही. दिवसा बदलायची, रात्री उठून बदलायची. एका अंगावर माणूस राहिला की कातडी कुजते, आणि मग मी नाही, दवाखाना."

म्हणजे एक वस्तू फिरवायची नाही आणि एक माणूस फिरवत राहायचा, असा तिचा हिवाळा चालला होता. आयलर्ट अंगाने आडदांड. तिची कंबर पार कामातून गेली होती.

मुलगी गेसा शहरातून दर रविवारी यायची. शुश्रूषागृहात तिने जागा धरून ठेवली होती. "ईस्टरनंतरच्या मंगळवारी बाबांना न्यायचं," ती म्हणाली होती. "काही फरक पडला असता तर मी बोलले नसते, आई. पण बाबा तर आहेत तिथेच आहेत. आणि तू? आरशात बघतेस का स्वतःला?"

 चाळीस वर्षं टाल्के ह्या माणसासमोर बसून चहा प्यायली होती. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडकल्याचा आवाज, वरून साय. ढवळायचं नाही. आणि पुरे झालं की चमचा कपात उभा करायचा, तोंडाने नको म्हणायचं नाही. चमचा बशीत आहे तोवर घरची बाई ओतत राहणार. आता आयलर्टला ती चमच्याचमच्याने चहा पाजायची आणि मग त्याच्या वतीने तो चमचा कपात ठेवायची. हे करताना दर वेळी तिला रडू यायचं, कारण त्याचं पुरे झालं की नाही हे ठरवणारी ती कोण?

तिला तो घरी हवा होता, बस्स. मंगळवारपर्यंत त्याने एखादा शब्द बोलावा, एखादं बोट हलवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तेव्हा कुंडी फिरलेली पाहून ती स्वतःशीच म्हणाली, मीच फिरवली असणार. झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. तिने कुंडी सरळ केली, काडी खिडकीकडे आणली आणि कळ्यांची मनोमन क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी काडी परत भिंतीकडे.

३

मग ती रात्र आली. घड्याळाला किल्ली द्यायचीच राहिली. टाल्के जागी झाली तेव्हा खिडकीत लख्ख उजेड होता आणि मेंढ्या ओरडत होत्या. ती अनवाणीच धावली. आता कातडी सोलली असेल, आता फ्रेरिख बघेल, आता गेसाला कळेल.

आयलर्ट डाव्या कुशीवर शांत झोपला होता.

तिने रात्री त्याला उजव्या कुशीवर ठेवलं होतं. तिने पांघरूण वर केलं. पाठ कोरडी, टाचा लाल नाहीत. दोन गुडघ्यांमध्ये उशी. आणि पाठीला टेकू म्हणून घोंगडीची वळकटी लावलेली, घट्ट, एका दमात गुंडाळलेली, शेवटचं टोक खाली दडपलेलं, म्हणजे ती रात्रभर सुटत नाही.

टाल्केला अशी वळकटी कधीच जमली नव्हती. ओक्काबाईंचा नवरा याच घरात कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि त्या अशी वळकटी करायच्या. सुनेला शिकवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता आणि मग "राहू दे, तू पोळी लाटल्यासारखं करतेस" म्हणून सोडून दिला होता.

टाल्के पलंगाच्या कडेवर बसली. आयलर्टने डोळे उघडले. पण तिच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे बघत होता, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. मातीची कुंडी दगडावर सावकाश घासावी तसा. एकदाच.

४

"फ्रेरिख, तू पहाटे येऊन जातोस का रे?" तिने विचारलं.

"पहाटे?" तो हसला. "काकू, माझी बायको मला सकाळीसुद्धा लाथ मारून उठवते. का, काय झालं?"

तिने सांगितलं. वळकटीचं सांगितलं, काडीचं नाही सांगितलं. त्याने आयलर्टची पाठ तपासली, वळकटी उलटसुलट करून पाहिली. "झोपेत तुम्हीच करत असणार. होतं असं. माणूस दमला की अंग आपोआप काम करतं." मग बॅग आवरता आवरता म्हणाला, "आणि भूतबित असेल तर त्याला सांगा, आमच्याकडे माणसं कमी आहेत. उद्यापासून कामावर ये म्हणावं."

तोही हसला, तीही हसली. तो गेल्यावर तिने ओक्काबाईंच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात घातली.

सकाळी किल्ली खिशात होती, कुलूप जागेवर होतं आणि काडी भिंतीकडे होती.

टाल्के बाई विचारी होती. तिने खिडकीच्या कड्या पाहिल्या, पट्टीला उतार आहे का म्हणून त्यावर अंडं ठेवून पाहिलं. अंडं जागचं हललं नाही. आणि तिला सर्वांत जास्त छळत होती ती वेगळीच गोष्ट. वळकटी ओक्काबाईंची, यात शंका नव्हती. पण कळ्या धरलेली कुंडी फिरवणारी बाई ओक्काबाई असूच शकत नव्हती. जग उलटं झालं असतं तरी त्यांनी ती फिरवली नसती. मग घरात होतं कोण? की ओक्काबाईच, पण जिथे गेल्या तिथे त्यांच्यासाठी उजेडाची बाजूच बदलली होती?

हा विचार आला आणि तिने काडीकडे पुन्हा पाहिलं. काडी उजेडाकडे. काडी आयलर्टकडे. म्हातारी त्याला न्यायला आली होती. आई लेकराला न्यायला येते, आधी त्याची नीट व्यवस्था बघते, त्याला हव्या त्या कुशीवर वळवते आणि मग एक दिवस पार पलीकडे वळवते. कळ्या तर गळायचं नाव घेत नव्हत्या. फुगत होत्या, लाल होत होत्या, आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती, जिकडे कसलाही उजेड नव्हता.

"नाही हं," टाल्के त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "तो माझा आहे. तुमचा होता तेव्हा होता."

५

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तिने कुंडी उचलली आणि परसातल्या मेंढ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवली. फेकून द्यायला हात धजला नाही. जाताना दोन कळ्या तिच्या बाहीवर पडल्या.

त्या रात्री घरात कसलाही आवाज झाला नाही. गजर वाजला, तिने झोपेत तो बंद केला की काय, तिला आठवेना. ती उठली तेव्हा उजाडत होतं आणि आयलर्ट काल होता त्याच अंगावर, तसाच, कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी. कंबरेच्या हाडावर मोठ्या नाण्याएवढा लाल डाग.

फ्रेरिख हसला नाही. त्याने मलम लावलं आणि म्हणाला, "काकू, हे वाढलं तर मंगळवारपर्यंतही थांबता येणार नाही. मला कळवावं लागेल."

तो गेल्यावर टाल्के स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. भीती वाटत होती, फार वाटत होती, पण त्या लाल डागाची भीती जास्त खरी होती. सहा महिने ती एकटी हे ओढत होती. सगळे तिला सांगायचे, झेपत नाही, सोड. हात लावायला आलं होतं ते एकच कुणीतरी, आणि त्यालाच तिने गोठ्यात नेऊन टाकलं होतं.

ती गोठ्यात गेली. कुंडी पोटाशी धरून आणली आणि ओक्काबाईंच्या खिडकीत ठेवली. काडी कुणीकडे करावी याचा तिने क्षणभर विचार केला आणि मग तिने स्वतःच्या हाताने ती भिंतीकडे केली.

दुपारच्या चहाला तिने बैठकीच्या खोलीत, शेगडीजवळच्या ओक्काबाईंच्या खुर्चीपुढे तिसरा कप मांडला. खडीसाखर घातली, चहा ओतला. खडा तडकला. साय सोडली आणि चमचा बशीत ठेवला.

"चहा आहे," ती खुर्चीकडे न बघता म्हणाली. "आणि आई, न्यायला आला असाल तर हा पिऊन आल्या पावली परत जा. मदतीला आला असाल तर बसा."

चहा तसाच निवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आयलर्टच्या पाठीशी घट्ट वळकटी होती आणि डाग फिकट झाला होता.

६

शनिवारी ती गजराच्या आधीच जागी झाली. बाहेर धुरकट उजेड होता. बांधावर पोरांनी ईस्टरच्या होळीसाठी फांद्यांचा ढीग रचला होता, तो खिडकीतून काळा दिसत होता. मधलं दार अर्धवट मिटलेलं. ते तिने उघडं ठेवलं होतं.

आत कुणीतरी होतं. पावलं नव्हती. घोंगडी झटकल्याचा आवाज होता, आणि थंडीत भिजलेल्या मातीचा वास.

टाल्के बाकावरून उतरली. फरशी गार होती. दाराच्या फटीतून तिला पलंगाची कड दिसली, आणि त्यावर वाकलेली एक पाठ. निळ्या ॲप्रनची मागची गाठ, डावीकडे सरकलेली, घाईने मारलेली. कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या. पाठीपलीकडे डोकं असणार, पण ते आयलर्टवर इतकं वाकलं होतं की दिसत नव्हतं. एक हात त्याच्या खांद्याखाली गेला, एक कंबरेखाली. हातांच्या नखांत माती होती.

वळवलं तर कुणीकडे वळवणार, हे टाल्केला कळेना.  दार ढकलायचं, आडवं जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि मग तिने आयलर्टचा हात पाहिला. उजवा. ऑक्टोबरपासून पांघरुणावर मेलेल्या माशासारखा पडून असलेला. तो वर आला, चाचपडला, ॲप्रनची लोंबती नाडी त्याला सापडली आणि त्याने ती धरली. मुठीत घट्ट धरली आणि तिचा आधार घेऊन स्वतःला कुशीवर ओढलं. नेणारी बाई नेत नव्हती. ती ओझं थोडं थोडं कमी उचलत होती, म्हणजे तो उरलेलं उचलेल.

पाठ सरळ होऊ लागली. आता ती वळणार होती.

टाल्केने तोंड फिरवलं. तो चेहरा बघायचा तिला धीर नव्हता आणि बघायचा हक्कही नव्हता, असं तिला वाटलं. ती चुलीशी गेली, पिंपातलं पाणी किटलीत ओतलं आणि ते उकळेपर्यंत तिकडे पाठ करून उभी राहिली. 

मग ती आत गेली. कुणी नव्हतं. आयलर्ट कुशीवर होता, पाठीशी वळकटी, आणि जागा. उजवी मूठ मिटलेली. तिने हळूच बोटं उलगडली. बोटांनी थोडा विरोध केला, आणि त्या विरोधाने ती हमसून हमसून रडली.

मुठीत काडी होती, टोकाला ओली माती लागलेली.

७

ईस्टरच्या सकाळी निवडुंग उमलला. सगळा, एकदम. गेसा रंगवलेली अंडी घेऊन आली, मागच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "अगं आई, किती फुललाय! पण सगळी फुलं भिंतीकडे का? फिरवलीस की काय कुंडी?"

"फिरली," टाल्के म्हणाली.

"आजी असती तर तुला घराबाहेर काढलं असतं."

"बस, चहा घे."

बैठकीच्या खोलीत आयलर्टला उशांना टेकवून बसवलं होतं. टाल्केने चार कप मांडले. गेसाने शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढचा कप पाहिला, आईकडे पाहिलं आणि ओठ दाबले. आईचं डोकं दमलंय, असं तिला वाटलं असणार. खडे तडकले. बाहेर चर्चच्या घंटा वाजत होत्या. टाल्के सांगत होती, हाताचं, मुठीचं, आणि गेसा मान हलवत होती, त्या मान हलवण्यात विश्वास नव्हता.

"आई, मंगळवारचं मी पक्कं सांगून टाकलंय. फ्रेरिखला आज सकाळी बोट हलल्यासारखं वाटलं, तुला वाटलं. वाटण्यावर किती दिवस काढणार?"

टाल्केने किटली उचलली. सगळ्यांचा पहिला कप संपला होता. तिने गेसाला ओतलं, स्वतःला ओतलं आणि सवयीने किटली रिकाम्या खुर्चीपुढच्या चौथ्या कपावर नेली.

"पुरे."

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. गेसाच्या हातातली बशी वाजली. आयलर्ट उशांवरून रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. तोंडाची डावी बाजू हसत होती आणि उजवी तिच्यामागून यायचा प्रयत्न करत होती.

"आईचं," तो म्हणाला. शब्द शोधून, एक एक उचलून. "आईचं... पुरे."

टाल्केने खाली पाहिलं. कप रिकामा होता, तळाशी खडीसाखरेचा उरलेला खडा. आणि त्यात चमचा उभा होता.

"मी हात लावला नाही," गेसा कुजबुजली.  "आई, शपथ, मी हातसुद्धा लावला नाही."

टाल्के किटली धरून उभी राहिली. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी वाईटही वाटलं. ओक्काबाई वारल्या तेव्हाही त्यांचं जाणं तिला इतकं जाणवलं नव्हतं.

"बरं, आई," ती म्हणाली.

मग ती आयलर्टकडे वळली. त्याने उजवा हात टेबलावर आणला होता, गोगलगाईच्या चालीने, आणि एका बोटाने स्वतःचा कप तिच्याकडे सरकवत होता.

चमचा बशीत होता. टाल्केने त्याचा कप भरला.